छागल, मोट आणि ‘परंपरा’ नावाचे विस्मरण

१/ धुळे-सोलापूर महामार्गावर गेवराई ओलांडून जाणाऱ्या मालमोटारींच्या पुढच्या अंगाला एके काळी जाड कापडाची पिशवी लोंबकळताना दिसे. भर वैशाखातही तिच्यातले पाणी गार असे. तिला छागल म्हणत. हा शब्द जरा थांबून पाहण्याजोगा आहे. संस्कृतात छाग आणि छागल म्हणजे बोकड. पिशवी कॅनव्हासची झाली, पण नाव बोकडाच्या कातड्याचेच राहिले. प्रस्तुत धागा त्या नावात अडकून राहिलेल्या इतिहासाविषयी आहे. आणि तो इतिहास पुसून टाकणाऱ्या एका सभ्य, गोड शब्दाविषयी. तो शब्द म्हणजे ‘परंपरा’.

२/ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्रसिद्ध झालेल्या इंपीरिअल गॅझेटियरमध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानातील बीड शहराची नोंद आहे. तिथल्या प्रसिद्ध वस्तू म्हणून दोन जिन्नस येतात: कातड्याच्या छागली आणि गुप्ती, म्हणजे काठीत दडवलेली पाती. ज्या जिल्ह्याचे नाव घेताच आज टँकर आणि ऊसतोडीच्या टोळ्या आठवतात, त्याची शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची ख्याती पाणी गार राखणाऱ्या वस्तूसाठी होती. त्या नोंदीत कारागिराचे नाव नाही. वसाहतीच्या दप्तरात माल येई, जात येई, माणूस क्वचितच.

३/ छागल ही साधी वस्तू आहे असे वाटत असेल, तर तिच्याकडून असलेल्या अपेक्षा एकदा मांडून पाहाव्यात. तिच्यातून पाणी गळता कामा नये. पण ते किंचित पाझरलेच पाहिजे, कारण पृष्ठभागावर आलेला ओलावा वाऱ्याने उडतो आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातो. कातडे फार घट्ट कमावले तर पाणी तापते. फार सैल राहिले तर दिवस मावळण्याआधी पिशवी रिकामी. शिवणीच्या भोकांतून गळती होऊ नये म्हणून भिजल्यावर फुगून दोऱ्याला आवळणारे कातडे हवे. पाण्याला सालीची तुरट चव लागता कामा नये. कातडे रोज भिजेल, रोज वाळेल, तरी कुजता किंवा कडकता कामा नये.

४/ हा पदार्थविज्ञानाचा प्रश्न आहे, आणि तो बीडमध्ये सुटलेला होता.

५/ आजच्या उत्पादन-आराखड्याच्या जगात रंग, साहित्य आणि फिनिश यांची मिळून एक स्वतंत्र शाखा आहे. मोटारीच्या आसनाचे कातडे हाताला कसे लागावे, बॅगेचा तपकिरी रंग उन्हात किती उतरावा, कापडाची झळाळी कोणत्या कोनातून दिसावी, हे ठरवणाऱ्यांना डिझायनर म्हणतात. छागल करणाऱ्याने साहित्य निवडले, त्याची कमावणी ठरवली, त्याचा पृष्ठभाग कामाला जुळवून घेतला. त्याला मात्र ‘पारंपरिक कारागीर’ म्हणतात. पहिल्याच्या डोक्यातून कल्पना निघते आणि दुसऱ्याच्या हातातून केवळ सवय, अशी ही विभागणी आहे. ती कामाच्या प्रतीत शोधू गेल्यास सापडत नाही. जातीत आणि कागदपत्रांत शोधल्यास लगेच सापडते.

६/ कमावणीच्या कुंडाजवळ गेल्याशिवाय हे पटणार नाही. कच्चे कातडे म्हणजे सडू घातलेले प्रथिन. ते चुन्याच्या पाण्यात ठेवून केस सैल करायचे, खरवडून मांस काढायचे, चुना धुऊन काढायचा. मग झाडाच्या सालीतील कषायद्रव्ये, म्हणजे टॅनिन, कातड्याच्या तंतूंमध्ये शिरवून ते तंतू एकमेकांना बांधायचे. दक्षिण महाराष्ट्रातील ढोर समाजाची रीत फार चतुर आहे. कातडेच पिशवीसारखे शिवायचे, त्यात बाभळीची साल, हिरडा आणि पाणी भरायचे आणि ते टांगून ठेवायचे. कातडे स्वतःच भांडे होते; अर्काच्या वजनाने द्रव कातड्यातून बाहेर ढकलला जातो आणि खाली गळालेला अर्क पुन्हा आत ओतता येतो. हौदात नुसते बुडवून ठेवण्यापेक्षा काम लवकर होते.

७/ बाभूळ आणि हिरडा एकत्र का? रसायनशास्त्राच्या पुस्तकांत कषायद्रव्यांचे दोन मोठे वर्ग सांगतात. बाभळीच्या सालीतले टॅनिन एका वर्गातले: ते कातड्याला लालसर झाक आणि टिकाऊपणा देते. हिरड्यातले दुसऱ्या वर्गातले: त्याने रंग फिका राहतो, कातडे भरीव होते आणि त्याच्या आंबण्यातून येणारे आम्ल कमावणीला मदत करते. दोन्ही मिसळली की एकाचा दोष दुसरे झाकते. हे वर्गीकरण युरोपीय प्रयोगशाळांत लिहिले गेले. मिश्रणाचे प्रमाण मात्र त्याआधीच ढोरवाड्यातल्या हातांना ठाऊक होते. मराठवाड्याच्या माळरानावर पिवळ्या फुलांनी डवरणारा तरवडही याच कामाचा. इंग्रजीत त्याचे नावच टॅनर्स कॅशिया, म्हणजे कातडे कमावणाऱ्यांचे झुडूप. आज गेवराईच्या माळावर तो उभा दिसला तर जनावरेसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत आणि माणसे त्याकडे पाहत नाहीत.

८/ हिरड्याची गोष्ट इथेच संपत नाही, आणि या धाग्यातील सर्वांत रोचक दुवा तोच आहे. सुती कापडाला तुरटी नीट धरत नाही आणि तुरटीवाचून आलीच्या मुळाचा लाल रंग पक्का बसत नाही. म्हणून रंगारी आधी कापड हिरड्याच्या पाण्यातून काढीत. टॅनिन सुताला चिकटे, तुरटी टॅनिनला, रंग तुरटीला. त्याच हिरड्याच्या पाण्यात हिराकस पडला की काळा रंग तयार होतो. या काळ्याने कातडे रंगे, कापड रंगे, आणि बोरूची शाईही त्याच जातकुळीची. म्हणजे दप्तरात ढोराची नोंद ज्या शाईने होई, तिचे रसायन ढोराच्या कुंडातल्या रसायनाचे सख्खे भावंड होते. शाई पवित्र आणि कुंड अपवित्र, हा निवाडा रसायनाने दिलेला नाही.

९/ एकोणिसाव्या शतकात हाच हिरडा मुंबई किनाऱ्यावरून जहाजे भरभरून ब्रिटनला गेला. तिथल्या व्यापारात त्याच्या प्रतींना बिमली, जबलपूर, राजपूर, वेंगुर्ला अशी नावे होती. इंग्रज कमावणीदार ‘वेंगुर्ला’ हे नाव एका फळाची प्रत म्हणून ओळखत. फळाला गावाचे नाव मिळाले. ते फळ कसे वापरावे हे जाणणाऱ्यांना तेवढेही मिळाले नाही.

१०/ कापडाकडे वळू. गेवराई तालुका गोदावरीच्या दक्षिण तीरावर, पैठण आणि तेर यांच्यामधल्या पट्ट्यात येतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ही दोन्ही गावे आहेत, पैठण आणि तगर म्हणजे तेर. तगरहून भडोचला जाणाऱ्या मालात साधे कापड, मलमलीचे नाना प्रकार आणि ‘मोलोखिना’ नावाचे कापड सांगितले आहे. हे नाव मॅलो या फुलझाडावरून आलेले. ते रंगाचे नाव की धाग्याचे, यावर विद्वानांचा वाद आहे. वाद मिटो न मिटो, समुद्रापलीकडचा व्यापारी या प्रदेशाचे कापड त्याच्या गुणाने, वेगळ्या नावाने मागत होता, एवढे निश्चित. बाजारात वेगळे नाव वेगळ्या मालालाच मिळते.

११/ मश्रू हा त्याहून स्वच्छ पुरावा. पुरुषाच्या अंगाला शुद्ध रेशीम लागू नये असा धार्मिक दंडक आणि दरबाराला हवी रेशमाची झळाळी, अशी ही कोंडी होती. विणकरांनी ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा घेऊन साटीन विणीने असे कापड काढले की वरून रेशीम दिसावे आणि आतून सूत लागावे. मश्रू या शब्दाचा अर्थच ‘धर्मसंमत’. त्याचा शेजारी हिमरू औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, नावारूपास आला. ग्राहकाची अडचण ओळखून साहित्याचा थर बदलणे याला दुसऱ्या कोणत्याही देशात नवनिर्मिती म्हटले गेले असते. आपल्याकडे संग्रहालयातील पाटीवर ‘पारंपरिक वस्त्र’ लिहून काम भागवले जाते.

१२/ आता रंगांच्या दुसऱ्या काठाला काय चालले होते ते पाहावे. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठ-कुळातील लाल रंगद्रव्य, अलिझारिन, कृत्रिमरीत्या तयार केले. १८६९ च्या जूनमध्ये लंडनच्या पेटंट कार्यालयात त्यांच्या बाजूचा अर्ज आणि विल्यम पर्किनचा अर्ज एका दिवसाच्या अंतराने पोहोचले. एका दिवसाचे अंतर दीडशे वर्षे पुस्तकांत नोंदले जाते. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. आलीच्या बागा, निराळ्यांच्या निळीच्या हौदांची घरे, सगळे हळूहळू ओस पडले. त्यांच्या शतकानुशतकांच्या प्रयोगांचा एकही दिवस कुठे नोंदलेला नाही.

१३/ मोटेचे उदाहरण तर याहून बोलके आहे. जायकवाडीचा उजवा कालवा गेवराईच्या शिवारातून जाण्याआधी, आणि इंजिने विहिरीवर बसण्याआधी, मराठवाड्यातील बागायत कातड्याच्या मोटेवर उभी होती. सोंडेची मोट हा अजब नमुना: नाड्याने मोट वर खेचायची, सोलाने सोंड आवळून धरायची, आणि मोट थारोळ्याशी येताच सोंड सैल होऊन पाणी आपोआप ओतले जायचे. विहिरीत उतरून ती उलटी करायला माणूस लागत नसे. दिवसभर पाणी, घर्षण आणि ऊन सोसणारे कातडे हेच त्या यंत्राचे काळीज. गावगाड्यात ती करणारे, शिवणारे, ठिगळ लावणारे बलुतेदार होते. मोबदला सुगीच्या धान्यात.

१४/ १९०३ च्या सुमारास मद्रासच्या कला विद्यालयात आल्फ्रेड चॅटर्टन यांनी क्रोम कमावणीचे प्रयोग सुरू केले. भारतातील क्रोम कातड्याचा आरंभ तिथून मानतात. (मूळ पद्धतीचे पेटंट न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झचे, १८८४ चे.) नव्या कातड्याचा कस पाहण्यासाठी चॅटर्टन यांनी ज्या वस्तू निवडल्या, त्यांत पायताणांबरोबर विहिरीवरची मोट होती. निवड अचूक होती: त्या काळी कातड्याची याहून कठोर परीक्षा दुसरी नव्हती. चॅटर्टन यांना पुढे ‘सर’ हा किताब मिळाला, आणि त्यांच्या कामाचे मोल कमी करण्याचे कारण नाही. मात्र ज्या मोटेवर त्यांनी आपले कातडे तपासले, ती मोट घडवणाऱ्यांचा उल्लेख औद्योगिक इतिहासात ‘स्थानिक पद्धत’ अशा दोन शब्दांत आटोपतो.

१५/ हा विसर आता कायद्याचेही रूप घेऊन बसला आहे. भारतीय पेटंट कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३(प) सांगते की जे मुळात पारंपरिक ज्ञान आहे, किंवा परंपरेने ज्ञात घटकांच्या ज्ञात गुणांची केवळ बेरीज आहे, ते शोध या व्याख्येत बसत नाही. हेतू चांगला होता. १९९७ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने हळदीचे अमेरिकी पेटंट रद्द करून घेतले, त्या लढाईतून आलेले हे शहाणपण. परंतु ढालीची दुसरी बाजू पाहावी. परक्याला चोरता येत नाही हे खरे. घरच्या कारागिराने बाभूळ-हिरड्याच्या रीतीत खरोखर नवी सुधारणा केली, तर तीही ‘परंपरा’ ठरून अडकण्याचा धोका आहे. भौगोलिक मानांकन गावाच्या नावाचे रक्षण करते, डोक्यातल्या कल्पनेचे नव्हे.

१६/ २०२५ च्या २२ जूनला मिलानच्या मंचावर प्राडाने कोल्हापुरीच्या घाटाची पायताणे आणली आणि त्यांना ‘लेदर सँडल’ म्हटले. महाराष्ट्र खवळला, योग्यच झाले. कंपनीने प्रेरणा मान्य केली, मुंबई उच्च न्यायालयातील जनहित याचिका फेटाळली गेली आणि डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन सुमारे ८०० युरो किमतीचे २,००० जोड इथेच करवून घेण्याची घोषणा झाली. पण त्या आठवड्यांतील आपल्या संतापाची भाषा आठवावी. ‘आठशे वर्षे जशीच्या तशी चालत आलेली कला.’ हा कोल्हापुरीच्या बाजूने केलेला सर्वांत दुबळा युक्तिवाद होता. आठशे वर्षांत काहीच बदलले नसेल, तर कारागिराने निर्माण तरी काय केले?

१७/ आणि ते खरेही नाही. शहरी पायाला रुचणारी पातळ, कानवाली कोल्हापुरी ही विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आसपासची घडण, सौदागर घराण्याने ती घडवली आणि मुंबईच्या दुकानातून ती फॅशन झाली, अशी हकीकत कोल्हापुरातच सांगितली जाते. आज ज्या देखण्या जोडाला आपण ‘प्राचीन’ म्हणतो, त्यामागे बाजार ओळखणारा, तळ पातळ करून पाहणारा, पट्ट्याचा घाट बदलणारा आधुनिक माणूस उभा आहे. त्याला प्राचीन करून टाकले की त्याचे श्रेय घेता येते आणि त्याला मानधन द्यावे लागत नाही.

१८/ इथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. गावगाड्यातील कारागिराला बदल करण्याची मोकळीकच नव्हती. बलुत्याचे धान्य ठरलेले, जातीचे काम ठरलेले, मग नवनिर्मिती कुठून? आक्षेपातले पहिले अर्धे सोळा आणे खरे आहे. चांगल्या मोटेला जादा धान्य मिळेलच अशी व्यवस्था नव्हती, आणि ही तिची सर्वांत मोठी अर्थशास्त्रीय नालायकी होती. पण दुसरे अर्धे त्यातून निघत नाही. बदलाचे बक्षीस नसणे आणि बदल नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मश्रू, मिश्र कमावणी, कानवाली, कॅनव्हासची छागल हे बदल डोळ्यांपुढे आहेत. दप्तरे त्यांविषयी गप्प आहेत, कारण ती लिहिणाऱ्यांना वसुलीत रस होता, कुंडात नव्हता.

१९/ दुसऱ्या टोकाचा मोह याहून घातक: सालीच्या कमावणीचे गोडवे गाऊन त्या समाजांनी कुंडाकडे परतावे असे सुचवणारा. चुना, कुजके पाणी, गावाबाहेरची वस्ती आणि तिच्यावर टाकलेला विटाळ हे सारे त्या ‘निसर्गस्नेही’ कातड्याच्या किमतीत मोडते. मेलेली गुरे ओढण्याची सक्ती झुगारणे हा बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीचा भाग होता, आणि ज्या तरुणांनी तो धंदा सोडून शाळा धरली त्यांनी काहीही गमावलेले नाही. ज्ञानाचे श्रेय देणे वेगळे आणि ज्ञानधारकाला त्याच जागी खिळवून ठेवणे वेगळे. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरणमंडळात ढोर कक्कय्यांना जे स्थान मिळाले ते शरण म्हणून. त्यांनी कुंडाशी एकनिष्ठ राहावे अशी अट त्यात नव्हती.

२०/ श्रेय नावासकट कसे घेता येते, याचे आजचे उदाहरण धारावीच्या परिसरात आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवर बंदी आली आणि अनेक चर्मकारांचे काम तुटले. सुधीर राजभर यांनी अशा कारागिरांबरोबर पुनर्वापराच्या रबराच्या पत्र्यांपासून बॅगा आणि पुढे फर्निचर घडवले, आणि उपक्रमाचे नाव ठेवले ‘चमार स्टुडिओ’. साहित्य नवे, फिनिश नवे, हात तेच, आणि जो शब्द शिवी म्हणून फेकला जाई तोच दर्शनी पाटीवर. छागल कातड्याची कॅनव्हासची झाली तेव्हा हेच घडले होते; फक्त तेव्हा कोणी पाटी लावली नाही.

२१/ मराठवाड्यात इतिहास शिकणाऱ्यांसाठी काम अगदी जवळ आहे. मोट शिवलेली किंवा शिवताना पाहिलेली माणसे गोदाकाठच्या गावांत आता ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांना ‘पूर्वी कसे होते’ असे विचारू नये. मोटेला कोणते कातडे आणि छागलीला कोणते, हे विचारावे. साल कुठून आणत, तरवड की बाभूळ, हिरडा कोणत्या बाजारातून येई, सोंडेचा टाका कोणता, चांगली मोट कोणाच्या हातची मानत. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नावाने येते. ते नाव गावासह, आडनावासह आणि घरच्यांच्या संमतीने लिहून घ्यावे.